तुमचे प्रश्न : ओपन सोर्समध्ये माझी जागा कुठली?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. जगभरातली माणसं मिळून जे सॉफ्टवेअर लिहितात, जे कुणालाही वापरता येतं, उघडून बघता येतं, बदलता येतं, त्या कामात आपण नेमकं कुठे बसायचं, असा तिन्ही पत्रांचा सूर आहे. मी दिवसा अंबडच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं सॉफ्टवेअर लिहिते आणि उरलेला वेळ देवनागरीशी संबंधित ओपन सोर्स कामात घालवते. त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण तसं विचारणारी मुलं मला नाशिकमध्ये सतत भेटतात.

प्रश्न : ताई, मी सातपूरला राहतो, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओपन सोर्समध्ये काम केलं की प्लेसमेंटला उपयोग होतो, असं सिनिअर्सनी सांगितलं, म्हणून ऑक्टोबरपासून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट (म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशा विनंत्या) पाठवतोय. बहुतेक रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमधल्या स्पेलिंगच्या चुका सुधारल्या. काही मर्ज झाल्या म्हणजे स्वीकारल्या, बऱ्याच एक शब्दही न लिहिता बंद केल्या आणि एकीवर तर 'स्पॅम' असा शिक्का मारला. एका मोठ्या प्रकल्पाच्या चॅटवर 'मला काम द्या, काहीही करायला तयार आहे' असं लिहिलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. माझं इंग्रजी बेताचं आहे. माझ्यासारख्याला तिथे जागा आहे का? की सगळं सोडून गूगल समर ऑफ कोडच्या तयारीला लागू?
— एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : अरे, आधी त्या शिक्क्याबद्दल बोलू, कारण तो तुझ्या मनात रुतून बसलाय. ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट असतो. डिजिटलओशन या कंपनीने २०१४ मध्ये तो सुरू केला. ठरलेल्या संख्येइतक्या पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये नुसत्या टी-शर्टसाठी रीडमीत एखादा शब्द घुसडून पाठवलेल्या रिक्वेस्टचा एवढा लोंढा आला, की महिना चालू असतानाच नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पाला यात यायचंय त्याने आधी तसं जाहीर करावं, असं ठरलं. तेव्हापासून ऑक्टोबरात रीडमीतला एका शब्दाचा बदल दिसला की मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, सावध होतो. तुझा हेतू चांगला होता हे मला तुझ्या पत्रातून कळतं, पण त्याच्या पडद्यावर तुझा बदल त्या लोंढ्यातल्या बाकीच्या बदलांसारखाच दिसला.

हा मेंटेनर म्हणजे बहुतेक वेळा दिवसाची नोकरी करून रात्री हे काम बघणारा माणूस असतो. पाठवणाऱ्याची दोन मिनिटं जातात तिथे त्याचा अर्धा तास जातो: बदल वाचायचा, चालवून बघायचा, टेस्ट पास होतात का पाहायचं, मग उत्तर लिहायचं. स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग कर्ल हे इंटरनेटवरून माहिती आणणारं-पाठवणारं साधन सांभाळतात. ते साधन फोनपासून मोटारींपर्यंत सगळीकडे आहे. एआयकडून लिहवून घेतलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारी वाचण्यात आपला वेळ कसा जातो, हे त्यांनी जाहीरपणे मांडलंय. अशा दमलेल्या माणसाने काही न लिहिता खिडकी बंद केली, तर त्यात तुझा अपमान शोधू नकोस.

दुसरं कारण विश्वासाचं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने जाहीर केलं, की एक्सझेड नावाच्या साधनात चोरदरवाजा बसवलेला आहे. फाइली दाबून लहान करणारं हे साधन लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जवळजवळ प्रत्येक प्रकारात असतं. सर्व्हरवर लॉगिन व्हायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्याला शंका आली आणि तो खोदत गेला. चोरदरवाजा बसवणारा बाहेरून भिंत फोडून आलेला नव्हता. 'जिया तान' या नावाने तो जवळपास दोन-अडीच वर्षं नियमित, उपयोगी काम करत आला होता. मूळ मेंटेनर एकटा होता, थकलेला होता. काम हळू चाललंय म्हणून त्याच्यावर दबाव आणणारे संदेशही आले होते. त्याने मदतीला आलेल्या या नावाला सह-मेंटेनर केलं आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून विष बाहेर पडलं.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. 'मी काहीही करायला तयार आहे' या वाक्याला उत्तर का येत नाही, ते यातून कळावं. तू कोण, तुला काय येतं, तू उद्या असशील का, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. तुला काम द्यायचं तर समोरच्याला आधी ते काम शोधावं लागेल, फोडून सांगावं लागेल, मग तुझी वाट बघावी लागेल. त्यापेक्षा तो ते स्वतः करून टाकतो.

तेव्हा प्रकल्पाच्या नावावरून निवड करू नकोस. आधी स्वतःला विचार, की मी रोज काय वापरतो आणि ते वापरताना मला काय खटकतं, जे त्यांना दिसूच शकत नाही? नाशिकच्या मुलाला मराठी येतं, हे तिथे भांडवल आहे. माझंच उदाहरण देते.

आमच्या सोसायटीच्या सभासदांची यादी मी एका लहान ओपन सोर्स साधनात ठेवते. त्यात 'कऱ्हाडे' शोधलं, तर एकच नाव आलं. कऱ्हाडे बंधूंचे फ्लॅट दोन आहेत. एक नाव मी स्वतः टाइप केलं होतं, दुसरं जुन्या फाइलमधून चिकटवलं होतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. आत मात्र फरक होता. यंत्रात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, त्या क्रमांकांच्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. आपला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर, जो डोळ्यांना दिसत नाही. माणसाला एकच आडनाव, यंत्राला दोन.

मी तक्रार लिहिली. साधनाची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फक्त दोन ओळींची नमुना फाइल, प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, मी काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. एवढंच. मेंटेनर युरोपातला, देवनागरीचं एक अक्षर न वाचणारा. त्याने विचारलं, की शोधताना ते अदृश्य चिन्ह सरळ गाळून टाकलं तर चालेल का? चालणार नव्हतं. ते गाळलं की अर्ध्या र चा रफार होतो, 'दऱ्या' शोधणाऱ्याला 'दर्या' मिळतो आणि 'आचाऱ्यांना' बोलवायचं तर 'आचार्यांना' निरोप जातो. दोन्ही जोड्या मी त्याला अर्थासकट लिहून दिल्या. मग उपाय ठरला: शोधण्यापुरतं दुसऱ्या तऱ्हेचं रूप पहिल्या तऱ्हेत बदलून घ्यायचं, साठवलेल्या मजकुराला हात लावायचा नाही. कोड त्याने लिहिला. तो बरोबर चालतो का हे तपासणारी टेस्टची फाइल मी लिहिली आणि ती आजही तिथे प्रत्येक बदलानंतर चालते.

पुढे काय झालं ते तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. नंतर कुणीतरी यादी अकारविल्हे लावण्याचा विषय काढला, तेव्हा मेंटेनरने मला तिथे बोलावलं. मराठी वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो, त्यापुढे क्ष आणि ज्ञ, हे सांगणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. मग नेपाळी वापरणाऱ्या एकाची तक्रार आली, तीही माझ्याकडे. मला कुणी पद दिलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. एक कोपरा मी झाडत राहिले आणि त्या कोपऱ्याचं काही निघालं की लोक मला विचारू लागले. तू ज्याला जागा म्हणतोस ती मला तरी अशीच मिळालेली आहे, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनाही.

आता तू काय करायचं? एकच प्रकल्प घे, फार मोठा नको, पण ज्यात गेल्या महिन्याभरात बदल झालेत असा. 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल असते ती पूर्ण वाच. सोर्स कोड उतरवून तुझ्या मशीनवर बिल्ड कर, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार कर, टेस्ट चालव. यात दोन-चार संध्याकाळी जातील आणि अडखळायला होईल. बिल्डच्या सूचनांत जिथे तू अडलास, तिथे पुढचाही अडणार आहे, तेव्हा ते टिपून ठेव. सूचनांत त्या टिपणाची भर घालणं हे रीडमीतल्या स्पेलिंगपेक्षा शंभरपट मोलाचं डॉक्युमेंटेशन आहे.

त्यानंतर उघड्या इश्यूंची, म्हणजे अजून न मिटलेल्या तक्रारींची यादी जुन्याकडून नव्याकडे वाचायला लाग. प्रत्येक प्रकल्पात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या तक्रारी असतात. एकेक घे, आजच्या आवृत्तीत ती चूक अजून होते का ते करून बघ आणि दोन ओळी लिही: अमुक आवृत्तीत, अमुक पायऱ्यांनी, अजून होते. किंवा होत नाही, बंद करायला हरकत नाही. याला बग ट्रायेज म्हणतात. हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते करणाऱ्याची नोंद लगेच होते. शिवाय हे करता करता कोडचा कुठला भाग कशाशी जोडलेला आहे, ते तुला आपोआप कळत जाईल. नवख्यांसाठी 'गुड फर्स्ट इश्यू'चं लेबल लावलेल्या कामांवर खूप जण टपून असतात. ते मिळालं तर घे, पण त्याची वाट बघत बसू नकोस. आणि एखादं काम अंगावर घेतलंस आणि जमेनासं झालं, तर तसं लिहून मोकळा हो, म्हणजे दुसरा कुणी ते उचलेल. गप्प बसलास तर ते काम तुझ्या नावावर अडकून राहतं.

इंग्रजीचं दडपण सोड. तिथल्या कितीतरी माणसांची मातृभाषा इंग्रजी नसते. लहान वाक्यं लिही, एका वाक्यात एकच गोष्ट. 'रिस्पेक्टेड सर'ची गरज नाही. तिथे वयाने कितीही मोठ्या माणसाला पहिल्या नावाने हाक मारतात आणि त्यात उद्धटपणा धरत नाहीत. आपल्या मुलांना हे जड जातं, मलाही सुरुवातीला जड गेलं. नुसतं 'हॅलो' लिहून समोरच्याच्या उत्तराची वाट बघत थांबू नकोस, त्याच संदेशात प्रश्न पूर्ण लिही. आणि खासगीत विचारू नकोस. सगळ्यांसमोर विचारलंस की ज्याला वेळ आहे तो उत्तर देतो, ते पुढच्यालाही सापडतं.

एआयची मदत घेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. पण जो बदल तुला ओळीगणिक समजावून सांगता येत नाही, तो पाठवू नकोस. 'हे असं का केलंस?' हा पहिलाच प्रश्न येतो.

समर ऑफ कोडचं म्हणशील तर तो रस्ता चांगलाच आहे. नवख्यांनी ओपन सोर्स प्रकल्पात काम करायचा हा उपक्रम २००५ पासून चालू आहे, गूगल विद्यावेतन देतं आणि २०२२ पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. अठरा पूर्ण झालेला कुणीही नवखा अर्ज करू शकतो. पण अर्ज वाचतात ते प्रकल्पातलेच लोक. ज्याचं नाव त्यांनी आधी इश्यूंमध्ये पाहिलंय, ज्याने टीका ऐकून बदल सुधारून पाठवलाय, त्याचा अर्ज ते वेगळ्या नजरेने वाचतात. तेव्हा 'हे की ते' असं नाहीच. वर सांगितलेलं काम हीच तुझी तयारी.

शेवटचं एक. एकट्याने हे करू नकोस. वर्गातले दोघं बरोबर घे, तिघांनी तीन वेगळे प्रकल्प निवडा आणि आठवड्यातून एका संध्याकाळी एकत्र बसा, कॉलेज रोडला कुठे टेकायला मिळालं तर तिथे, नाहीतर कुणाच्या तरी घरी. पाठवण्याआधी एकमेकांचा बदल वाचायचा, एवढाच नियम. दुसऱ्याने लिहिलेला कोड शांतपणे वाचून मुद्द्याचं बोलता येणं हे कॉलेजात कुणी शिकवत नाही, आणि प्लेसमेंटच्या मुलाखतीतही त्याचाच कस लागतो.

प्रश्न : नमस्कार. नाशिकरोडच्या शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले. मुलाने लॅपटॉपवर सगळे मेनू मराठीत लावून दिले आहेत. काही मराठी चांगली आहे, पण काही ठिकाणी वाचवत नाही. हे ओपन सोर्स असल्यामुळे तू स्वतः सुधारू शकतेस, असं मुलगा म्हणतो. मला कोडिंगचा गंध नाही. माझ्यासारखीचं तिथे कोण ऐकणार?
— निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आनंदाने. मुलगा बरोबर सांगतोय.

मेनूतला मजकूर कोडपासून वेगळा काढून ठेवलेला असतो. एका बाजूला इंग्रजी वाक्य, समोर मराठीची रिकामी किंवा भरलेली चौकट. फायरफॉक्स या ब्राउझरचं भाषांतर पोंटून नावाच्या संकेतस्थळावर चालतं, लिब्रेऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरचं वेबलेटवर. खातं उघडायचं, मराठी निवडायची आणि सुचवायला लागायचं. तुमची सूचना लगेच छापली जात नाही. मंजुरीचा अधिकार असलेलं कुणीतरी ती वाचतं आणि मगच ती आत जाते. सूचना चांगल्या येत राहिल्या की तो अधिकार तुम्हालाही मिळू शकतो.

दोन गोष्टी आधीच सांगते, नाहीतर विरस होईल. वाक्याच्या मध्ये टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं एखादं रोमन अक्षर दिसेल. तिथे चालू असताना फाइलचं नाव किंवा आकडा येऊन बसतो. ते पुसायचं नाही. मराठी वाक्यात त्याची जागा बदलावी लागली तर तशी सोय असते, पण ती कशी करायची ते आधी विचारून घ्या. आणि एकवचन-अनेकवचनाच्या दोन वेगळ्या चौकटी असतात, दोन्ही भरायच्या. पंचाईत होते ती अशी, की भाषांतर करणाऱ्याला शब्द सुटा दिसतो. तो बटणावर आहे की मथळ्यात, आज्ञा आहे की नाव, ते कळत नाही. तुम्हाला न वाचवलेल्या मराठीपैकी पुष्कळशी अशीच झालेली असणार, आळसाने झालेली नसणार. चौकटीशेजारी कधी टीप असते, ती वाचावी, आणि शक्य असेल तर प्रोग्राम उघडून तो शब्द जागेवर बघून यावं. तुम्ही तर तो रोज वापरता, तेव्हा हे तुमच्याइतकं चांगलं कोण करणार?

माझं एक कळकळीचं म्हणणं आहे. फाइल, फोल्डर, प्रिंट हे शब्द राहू द्या. पंचवटीतल्या झेरॉक्सच्या दुकानात पोरगा जे बोलतो, ते पडद्यावर दिसलं तरच माणसं मराठी मेनू लावून ठेवतील. एखादा जुना शब्द बदलावासा वाटला, तर आधीच्या लोकांनी तो का घेतला ते विचारा. तोच शब्द शंभर ठिकाणी असतो. एका ठिकाणी बदलून बाकीचे तसेच राहिले, तर वापरणारा गोंधळतो.

भाषांतराचा कंटाळा आला तर दुसरं एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१७ मध्ये कॉमन व्हॉइस सुरू केलं. लोक वाक्यं मोठ्याने वाचून आवाज दान करतात, दुसरे ते ऐकून वाचन बरोबर आहे का सांगतात आणि तो साठा कुणालाही फुकट वापरता येतो. यंत्राला बोललेलं मराठी समजावं म्हणून हे चाललंय. त्यात मराठी आहे. अशा संग्रहांत तरुण पुरुषांचे आवाज फार, बायकांचे कमी, साठीपुढच्या बायकांचे तर अगदी थोडे. त्यामुळे आजी फोनशी बोलली की फोनला कळत नाही. तुम्ही वर्गात वाचायच्या तशा स्वच्छ वाचा. तुमच्या ओळखीत सटाणा-कळवणकडच्या, अहिराणी वळणाने मराठी बोलणाऱ्या कुणी असतील, तर त्यांनाही बसवा. आपली बोलण्याची ढब कोणती, तेही तिथे लिहिता येतं.

प्रश्न : ताईंना नमस्कार. आमची द्राक्षाची बाग आहे. मुलगी नाशिकला होस्टेलवर राहून शिकते. छाटणीच्या दिवसांत मदतीला आली तरी रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर परदेशातल्या लोकांचं काम करत होती. पैसे किती मिळतात विचारलं, तर म्हणते काही नाही, सगळे फुकटच करतात. फुकट काम करून घेऊन कुणी तिला फसवत तर नाही? आणि त्या अनोळखी लोकांशी बोलण्यात काही धोका?
— एक वडील, निफाड तालुका

उत्तर : दादा, तुम्ही मुलीवर न चिडता आधी विचारलंत, हे फार बरं केलंत.

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्स आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स या मुलाने ते लिहायला घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. आज त्यावर काम करणारे बहुतेक जण निरनिराळ्या कंपन्यांचे पगारी लोक आहेत. रेड हॅट ही कंपनी असंच खुलं सॉफ्टवेअर घेऊन उभी राहिली. तिचं पुण्यात ऑफिस आहे आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून ते लिहिणारी माणसं उपाशी राहतात, असं नाही. पण हेही खरं, की मुलगी आज करते ते काम बिनपगारी आहे आणि त्याची मर्यादा तिने ठरवायला हवी. परीक्षा, झोप आणि छाटणी यांच्या आड ते येता कामा नये.

तिने लिहिलेली प्रत्येक ओळ तिच्या नावानिशी, तारखेनिशी प्रकल्पाच्या इतिहासात राहते. ती कुणालाही बघता येते, नोकरी देणाऱ्यालाही. त्या ओळींवरचा हक्क साधारणपणे तिचाच असतो. काही प्रकल्प वेगळा करार मागतात, तो सही करण्याआधी नीट वाचायला सांगा.

रात्रीच्या जागरणाला कारण आहे, पण ते टाळता येतं. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. नवीन मुलांना वाटतं, उत्तर लगेच दिलं पाहिजे. गरज नसते. सगळं लेखी चालतं, सकाळी चहा झाल्यावर उत्तर दिलं तरी कुणी रागावत नाही.

अनोळखी माणसांबद्दल तुमची काळजी रास्त आहे. बऱ्याच मोठ्या प्रकल्पांत वागणुकीचे लेखी नियम असतात आणि तक्रार कुणाकडे करायची तेही त्यात दिलेलं असतं. ते तिने वाचलेत का, विचारा. कामाचं बोलणं सगळ्यांना दिसेल अशा जागीच ठेवायचं. कुणी खासगीत ओढू लागला, तर उत्तर द्यायला ती बांधील नाही. आणि सर्टिफिकेट देतो, नाव लावतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तो माणूस या कामातला नाही. इथे काम करायला एक रुपयाही भरावा लागत नाही.

पैशांचा मुद्दा राहिला. बायकांनी या क्षेत्रात यावं म्हणून ग्नोम या लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पाने २०१० मध्ये एक उपक्रम सुरू केला, त्याला आता आउटरीची म्हणतात. घरबसल्या करायची पगारी इंटर्नशिप असते, वर्षातून दोन फेऱ्या निघतात आणि तीन महिन्यांच्या कामाचे ७,००० डॉलर मिळतात. निवड होण्याआधी प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं, आणि ते तर ती आताच करते आहे. अर्जात कॉलेजचं वेळापत्रक आणि परीक्षांच्या तारखा विचारतात, कारण इंटर्नशिपसाठी पुरेसे दिवस मोकळे आहेत का ते तपासतात. ते कागद कॉलेजातून वेळेत मिळत नाहीत, म्हणून तिला आत्तापासूनच काढून ठेवायला सांगा.